वासांची घराणी: आपल्या नाकाला काय आवडतं ते कसं शोधायचं

खानापूरहून रोज रेल्वेने बेळगावला कॉलेजला येणारी एक मुलगी गेल्या जूनमध्ये दुकानात आली. छत्री मिटून पायरीशी ठेवली आणि म्हणाली, "काकू, फ्रेश काहीतरी द्या की. लई उग्र नको."

"फ्रेश म्हणजे कसं गं?"

"म्हणजे... फ्रेश."

खडेबाजारात आमचं अगरबत्ती-अत्तराचं लहानसं दुकान आहे. गेली पंचवीस वर्षं हे बोलणं दिवसातून एकदा तरी होतंच. तिच्यापुढे लिंबाच्या वासाच्या चार शिश्या मांडल्या असत्या तर तिने एक घेतली असती, आठ दिवस लावली असती आणि मग ती शिशी कपाटात पडून राहिली असती. म्हणून मी तिला तीन गोष्टी विचारल्या. पहिला पाऊस पडला की दारात उभी राहून कसला वास घेतेस? स्वयंपाकघरातल्या कुठल्या डब्याचं झाकण उगाच उघडून हुंगतेस? आणि कुणाच्या जवळ बसलं की बरं वाटतं, त्या माणसाला कसला वास येतो?

पहिल्या दोन प्रश्नांना ती अडखळली. तिसऱ्याला लगेच म्हणाली, "आज्जी. तिच्या ट्रंकेतल्या साड्यांना येतो तो वास." आजी ट्रंकेत वाळ्याच्या मुळांची जुडी ठेवते, हे पुढच्या दोन मिनिटांत निघालं. 'फ्रेश' हा शब्द तिने जाहिरातीतून उचलला होता. तिचं नाक मातीत आणि मुळांत रमणारं होतं.

आपल्याला कुठले वास आवडतात याचं उत्तर बहुतेकांच्या आत आधीच असतं. ते बाहेर कसं काढायचं आणि दुकानात गेल्यावर ते कसं वापरायचं, एवढंच मला इथे सांगायचं आहे.

माझं स्वतःचं उत्तर मला उशिरा सापडलं. माहेर निपाणीचं. आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. संध्याकाळी ती घरी आली की पदराला, केसांना, हातांना तो गोडसर, सुक्या गवतासारखा वास असायचा. त्या धुळीनं तिला खोकला लागला आणि तो शेवटपर्यंत सुटला नाही. त्यामुळे त्या वासाबद्दल प्रेमानं बोलताना मला अजून जड जातं. पण नाकाला हे हिशोब कळत नाहीत. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी एका परदेशी सेंटचा नमुना उघडला, त्यात तंबाखू आणि मधाचा वास होता, आणि मी काउंटरवर हात टेकून तशीच उभी राहिले. त्या दिवसापासून गिऱ्हाइकाला मी किंमत शेवटी विचारते.

आधी घरी, एक रुपया न खर्चता

२०२१ साली कोरोनात माझ्या मिस्टरांचा वास गेला. अत्तराच्या दुकानदाराचा वास जावा, म्हणजे सोनाराची नजर जावी तसं. डॉक्टरांनी सांगितलं, नाकाला व्यायाम द्या. गुलाब, लिंबू, लवंग आणि नीलगिरी असे चार वास, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक वास पंधरा-वीस सेकंद मन लावून घ्यायचा. निदान बारा आठवडे. ही पद्धत जर्मनीत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून आली. आम्ही रोज समोरासमोर बसायचो. त्यांना सर्वांत आधी लवंग आली, गुलाब फार उशिरा. मधल्या काळात बेळगावचा दुधाचा कुंदा त्यांना करपलेला लागायचा आणि कॉफीचा तर वासही सहन व्हायचा नाही.

त्यांच्याबरोबर मीही हुंगत होते. वीस वर्षं वास विकल्यावर तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं, की लिंबाच्या सालीचा वास आणि रसाचा वास वेगळा आहे. साल उजळ, तेलकट, नाकात चमकणारी. रसाला नुसता आंबूसपणा. म्हणजे आपण वास घेतो म्हणतो तेव्हा पुष्कळदा फक्त नाव आठवत असतो.

म्हणून पहिली पायरी हीच. आठ वाट्या घ्या. एकीत लिंबाची ताजी साल, एकीत चुरगळलेली तुळस, एकीत मोगऱ्याची नाहीतर गुलाबाची ताजी फुलं. सहाणेवर उगाळलेलं चंदन. वाळ्याचं मूळ थोडं ओलं करून. दालचिनी आणि लवंग एकत्र. थोडा ऊद, न जाळता, तसाच खडा. आणि कुंद्याचा एक घास. घरच्या कुणालातरी वाट्या पुढे करायला सांगून डोळे मिटून एकेक हुंगा. मध्ये अर्धा मिनिट थांबा. कुठल्या वाटीपाशी नाक परत जायला बघतं आणि कुठल्या वाटीला मान आपोआप मागे जाते, एवढंच बघा. 'चांगला' आणि 'वाईट' ठरवू नका.

आणि एक वही ठेवा. या वहीत 'छान' हा शब्द लिहायचा नाही. मराठीत वासासाठी इतके नेमके शब्द आहेत, की इंग्रजी जाहिराती त्यांच्यापुढे फिक्या. मंद, उग्र, खमंग, हिरवट, मातकट, तुरट, धुरकट, दुधाळ, पिठूळ, ओशट, कुबट, खवट, औषधी. वास पसरतो कसा, त्यालाही वेगळे शब्द आहेत. रातराणी दरवळते. फोडणीचा घमघमाट सुटतो. झाकण उघडल्यावर भपकारा येतो. हिंगाला दर्प असतो. एखाद्या सेंटपुढे तुम्ही 'दरवळ' लिहिलंत की 'भपकारा', यावरूनच तुम्हाला वास किती दुरून यायला हवा आहे ते कळतं. दुकानात "दुधाळ, मंद, लाकडी काहीतरी दाखवा" असं कुणी म्हणालं, तर माझं अर्धं काम तिथेच होतं.

चार घराणी

सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या या मुलखात घराणं म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. एकाच घराण्यातले दोन गायक वेगळे असतात, तरी आवाज लावण्याची रीत ओळखू येते. वासांचंही तसंच. मायकेल एडवर्ड्स या तज्ज्ञानं वासांचं एक चक्र आखलं. त्यात मोठी घराणी चार: फुलांचं, अंबरचं, लाकडांचं आणि ताज्या वासांचं. चक्रात शेजारी असलेली घराणी एकमेकांत मिसळतात. जगभरची सेंटची दुकानं आज साधारण याच भाषेत बोलतात.

फुलांपासून सुरू करू, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथे आहेत. "मला फुलांचे वास आवडत नाहीत," असं म्हणणाऱ्या दहा जणांना मी सकाळी फूलबाजारात जायला सांगते. आपल्याकडे एकाच टोपलीपुढे एक बाई मोगरा मागते, दुसरी कानडीत मल्लिगे. एकीचा चाफा तो दुसरीचा संपिगे. तिथे उभं राहून एकेक फूल हुंगलं की कळतं, फुलांचा वास हा एक वास नाहीच. मोगरा, जाई, निशिगंध, रातराणी ही पांढऱ्या फुलांची जड मंडळी. मोगऱ्यात इंडोल नावाचा घटक असतो. तो एकटा हुंगला तर कुबट, किंचित घाणेरडा वाटतो, पण त्याच्यामुळेच मोगऱ्याला ती खोली, ती रात्र येते. तो कमी केला की मोगरा साबणासारखा स्वच्छ होतो. गजरा दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगून बघा, मी काय म्हणते ते कळेल. फुलं नको म्हणणाऱ्या पुष्कळ लोकांना खरं तर हा जडपणा नको असतो, आणि ते गुलाबावर आनंदानं थांबतात. गुलाबात थोडी लिंबाची, थोडी मधाची झाक आहे. सोनचाफा फळाकडे झुकलेला. माझी नणंद सावंतवाडीला दिली आहे, ती फेब्रुवारी-मार्चमध्ये आंबोली घाट चढून येताना सुरंगीचे वळेसर, म्हणजे गजरे, घेऊन येते. सुरंगीइतका मधाळ वास मला दुसऱ्या कुठल्याही फुलात मिळालेला नाही, आणि सुकल्यावरही तो कितीतरी दिवस राहतो. वहीत फुलांसाठी एक पान पुरणार नाही, चार ठेवा.

लाकडांच्या घराण्यात आपण कर्नाटकातले लोक जन्मतःच राहतो. पहिल्या महायुद्धात युरोपला चंदन पाठवणं अडलं, तेव्हा म्हैसूरच्या महाराजांनी आणि दिवाण विश्वेश्वरय्यांनी तेल इथेच काढायचं ठरवलं. त्यातूनच पुढे म्हैसूर सँडल साबण आला. पण चंदन आवडतं की नाही, हे साबणावरून किंवा अगरबत्तीवरून ठरवू नका. अगरबत्तीतलं 'चंदन' मोठ्यानं बोलतं. खरं चंदन अगदी हळू आवाजाचं आहे: दुधाळ, गोलसर, त्वचेला चिकटून राहणारं. सहाणेवर चार थेंब पाणी घालून खोड उगाळा आणि मनगटाला लावा. दहा मिनिटांनी हुंगा.

वाळा याच घराण्यातला, पण स्वभावानं वेगळा. चंदन उबदार, वाळा गार. मातकट, हिरवट, थोडा धुरकट. नागरमोथाही त्याच वाटेवरचा. आणि पाच, जी वेणीत घालतात तीच पाच जगभरच्या परफ्यूममध्ये 'पॅचुली' नावानं मिरवते. ज्यांना ओल्या जमिनीचा वास आवडतो त्यांनी इथेच मुक्काम करावा. पहिल्या पावसाच्या वासाचंही अत्तर निघतं. कनौजला भाजलेल्या मातीवरून वाफ काढून ती चंदनाच्या तेलात उतरवतात, ते 'मिट्टी' अत्तर. त्या वासाला 'पेट्रिकोर' हे नाव १९६४ साली दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी दिलं. अत्तर त्याच्या कितीतरी आधीपासूनचं.

अंबरच्या घराण्याला पूर्वी 'ओरिएंटल' म्हणत, आता ते नाव मागे पडलं आहे. उबदार, गोड, राळेचे, मसाल्याचे वास इथे येतात. इथला अंबर म्हणजे दागिन्यांतला अश्मीभूत अंबर नव्हे. लॅब्डेनम नावाची राळ, ऊद आणि व्हॅनिला यांच्या मिश्रणाला ते नाव पडलं आहे. आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण दुकानात रोज घोळ होतो. आपण मराठीत 'ऊद' म्हणतो ती निखाऱ्यावर टाकायची राळ, गोडसर आणि व्हॅनिलाच्या जवळची. अत्तरवाले 'ऊद' म्हणतात ते अरबी नाव, म्हणजे अगरूचं लाकूड. त्याचा वास गडद, चामड्यासारखा, कधी गोठ्यासारखाही. वाळवा गल्लीतल्या एका आजींना तुळशीपुढच्या धुपाचा वास हवा होता आणि नातवानं महागातलं अरबी ऊद आणून दिलं. दोघांचाही हिरमोड झाला. म्हणून मागताना 'धुपाचा ऊद' की 'अगरू' ते स्पष्ट सांगा. लवंग-दालचिनीच्या वाटीपाशी ज्यांचं नाक परत गेलं, त्यांनी पहिली शिशी या घराण्यातली हुंगावी. सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे गेर्लँ या फ्रेंच कंपनीचं १९२५ सालचं 'शालिमार'.

ताज्या वासांबद्दल फार सांगायला नको. लिंबू, संत्रं, नीलगिरी, चुरगळलेलं पान, समुद्राच्या वाऱ्यासारखे वास. लावताच आवडतात आणि लवकर उडतात, कारण लिंबूवर्गीय तेलांचे कण हलके असतात. दुपारी उन्हातून येऊन अंघोळ केल्यावर यांच्यासारखं सुख नाही. मात्र "सकाळी लावलं, कचेरीत पोचेपर्यंत गेलं," अशी तक्रार घेऊन येऊ नका. ते त्यांच्या जातीतच आहे.

दोन घराण्यांच्या मधले

खरी गंमत सीमेवर असते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. निपाणीच्या तंबाखूकडे परत येते. सुक्या गवताच्या, तंबाखूच्या गोडसर वासाशी जवळचं नातं असलेलं कुमारिन नावाचं द्रव्य विल्यम पर्किननं १८६८ साली प्रयोगशाळेत बनवलं. ते वापरून १८८२ साली उबिगाँ या फ्रेंच कंपनीनं 'फूजेर रोयाल' काढलं. फूजेर म्हणजे नेचा. नेच्याला तसा काही वास नसतो. जंगलातल्या सावलीचा वास कसा असेल, ही कल्पना बाटलीत भरली. लॅव्हेंडर, कुमारिन आणि ओकमॉस या तिघांवर ते उभं आहे. न्हाव्याच्या दुकानात दाढीनंतर जो वास येतो तो बहुतेक याच कुळातला. वडिलांची आठवण काढून मुली माझ्याकडे तो मागतात, आणि मी त्यांना सांगते, हा वास फक्त पुरुषांचा असा काही कायदा नाही.

दुसरं शीप्र. १९१७ साली कोती या फ्रेंच परफ्यूमवाल्यानं याच नावाचं परफ्यूम काढलं, त्यावरून सगळ्या कुळाला नाव पडलं. शीप्र म्हणजे सायप्रस बेट. वर बर्गमॉटची लिंबूसारखी झुळूक, खाली लॅब्डेनमची राळ आणि ओकमॉस. ओकमॉस ऐकून कुणाला काही कळत नाही, पण तुमच्या मसाल्याच्या डब्यात त्याचा भाऊ आहे: दगडफूल. दोन्ही एकाच प्रकारची, झाडाच्या सालीवर नाहीतर दगडावर उगवणारी. गोडा मसाला करताना दगडफूल तव्यावर टाकलं की जो जुनाट, जंगली, तुरट वास सुटतो, तो ज्यांना आवडतो त्यांना शीप्र आवडण्याची शक्यता फार. हे मी कितीतरी बायकांवर पडताळून पाहिलं आहे.

आणि खाऊचे वास. दूध-साखर आटत आटत तपकिरी होते तेव्हा कुंद्याला जो वास येतो, तशा वासांचं कुळ १९९२ साली 'एंजल' या परफ्यूमनं जगभर नेलं. भाजलेली साखर, व्हॅनिला, चॉकलेट. आपल्या येळ्ळूर-वडगावच्या शेतातल्या बेळगाव बासमतीच्या भाताचा वासही काही जणांना याच कुळात नेऊन पोचवतो. त्या भाताच्या वासामागचं द्रव्य पंदनच्या पानात असतं, आणि पंदन केवड्याच्याच कुळातलं. म्हणून भाताच्या वासावर जीव असणाऱ्यांनी केवडा एकदा जरूर हुंगावा.

दवणा कुठल्या घराण्यात घालायचा हे मला अजून ठरवता आलेलं नाही. चैत्रात जोतिबाला जाऊन आलेल्या माणसाच्या पिशवीतून गुलालाबरोबर जो वास येतो तो. औषधी आणि गोड, सुक्या जर्दाळूसारखा. दवण्याचं तेल परदेशी परफ्यूमवाले आपल्याकडूनच नेतात, आणि त्यांच्यात म्हणतात की हा वास प्रत्येकाच्या अंगावर वेगळा उमटतो. माझ्या आणि माझ्या सुनेच्या मनगटावर तर तो दोन वेगळ्या शिश्यांतला वाटतो.

दुकानात गेल्यावर

सकाळी किंवा दुपारच्या जेवणाआधी जा. सर्दी असताना जाऊ नका. अंगाला काही लावून जाऊ नका.

आधी कागदी पट्टीवर घ्या आणि पट्टीवर लगेच नाव लिहा, कारण तिसऱ्या पट्टीनंतर कुणालाच काही आठवत नाही. फवारल्यावर लगेच नाकाशी नेऊ नका. सुरुवातीला नुसतं अल्कोहोल चढतं. अर्धा मिनिट हलवा, मग हुंगा. एका फेरीत चार-पाच पट्ट्या पुरे. मध्ये नाक थकलं तर बाहेर येऊन साधी हवा घ्या, नाहीतर स्वतःची बाही हुंगा. काही दुकानांत कॉफीच्या बिया पुढे करतात, त्यांचा साध्या हवेपेक्षा जास्त उपयोग मला कधी जाणवला नाही.

पट्टीवर आवडलेल्यांपैकी फक्त दोन अंगावर घ्या, एक या मनगटावर, एक त्या. चोळू नका. आणि मग विकत न घेता दुकानाबाहेर पडा. दुकानदार म्हणून हे सांगणं माझ्या धंद्याला महाग पडतं, तरी सांगते. वास तीन मजल्यांचा असतो. पहिली दहा-पंधरा मिनिटं वरचा मजला: लिंबू, पानं, हलकी फळं. मग दोन-चार तास मधला: फुलं, मसाले. आणि शेवटी तळमजला: लाकूड, राळ, कस्तुरीसारखे वास. शिशी विकली जाते वरच्या मजल्यावर, आणि राहायचं असतं तळमजल्यात.

हे मी पैसे घालवून शिकले. मोठ्या शहरातल्या एका दुकानात पट्टीवर एक वास इतका आवडला, की शंभर मिलीची बाटली तिथल्या तिथे घेतली. परतीच्या बसमध्ये दोन तासांनी त्या वासाखालून असा गोड, पिठूळ थर वर आला की कोल्हापूर येईपर्यंत डोकं धरून बसले. ती बाटली मी कधी संपवली नाही. तेव्हा अंगावर लावून बाजार करा, घरी जा, स्वयंपाक करा. एक तासानं, तीन तासांनी आणि रात्री झोपताना असं तीनदा हुंगून वहीत लिहा. कोरड्या त्वचेवर वास लवकर जातो. आधी थोडं खोबरेल लावून बघा.

आपली हवाही मोजा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच, पावसाळा लांब आणि ओला. दमट हवेत गोड, जड वास फुगतात. जुलैत बंद बसमध्ये जे नकोसं होतं तेच डिसेंबरच्या थंडीत शालीसारखं वाटतं. म्हणून एखाद्या वासाला नापास करण्याआधी त्याला दुसऱ्या ऋतूत एकदा संधी द्या.

बरोबर कुणाला तरी न्या. काही कस्तुरीसारखे कृत्रिम वास काही माणसांच्या नाकाला मुळीच कळत नाहीत. तुम्हाला "यात काहीच नाही" वाटेल आणि बाजूचा माणूस खिडकी उघडत असेल.

शिशीवरचे शब्द

साधारणपणे ओ द त्वालेतमध्ये सुगंधी द्रव्य पाच ते पंधरा टक्के असतं, ओ द पारफ्यूममध्ये पंधरा ते वीस, नुसतं पारफ्यूम लिहिलं असेल तर वीसच्या वर. कंपनीगणिक आकडे हलतात. अत्तरात अल्कोहोल नसतं, म्हणून ते फवारत नाही, बोटानं लावायचं, आणि त्याचा वास अंगाजवळ राहतो. जुन्या पद्धतीचं अत्तर चंदनाच्या तेलात उतरवतात, पण चंदन महागल्यापासून पुष्कळ अत्तरं साध्या तेलकट द्रवात बनतात. ती टाकाऊ नसतात, फक्त चंदनाच्या तेलातलं म्हणून कुणी कमी भावात देत असेल तर विचार करा. सुरुवातीला सर्वांत लहान शिशीच घ्या.

नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. खाज, लाली आली तर धुऊन टाका. लिंबू किंवा बर्गमॉटचं तेल असलेलं काही उघड्या त्वचेवर लावून उन्हात जाऊ नका, काळे डाग पडू शकतात. घरात दम्याचं माणूस असेल तर आधी त्याला विचारा. शिशी न्हाणीघरात किंवा खिडकीत ठेवू नका, कपाटात अंधारात ठेवा.

ती खानापूरची मुलगी त्या दिवशी काही न घेता गेली. मी तिला दोन पट्ट्या दिल्या, एक खसाची, म्हणजे वाळ्याची, आणि एक चंदनाची, आणि मनगटावर खसाचा एक थेंब. गणपतीच्या आधी ती परत आली. हातात शंभर पानी वही, तिचं पहिलंच पान लिहिलेलं: "वाळा. गार, मातकट. रेल्वेत दुसऱ्या कुणाला आला नाही, मला येत होता. रात्री पण होता. चंदन पण आवडलं, पण ते आईसारखं आहे." मी तिला खसाची सर्वांत लहान शिशी दिली. पैसे मोजून झाल्यावर ती म्हणाली, "काकू, अजून एक पट्टी द्या की. आज्जीला दाखवते."